तीन हरिश्चंद्र

जुना चित्रपट नव्याने काढला, तर तो मुळाची बरोबरी करील काय? हा प्रश्न आम्हां नाशिककरांच्या घरचाच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. पुढे त्यांनी नाशकास बिऱ्हाड हलविले आणि १९१७ साली तीच कथा स्वतःच पुन्हा चित्रित केली. मूळच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच आज शिल्लक मानतात. तीही १९१७ ची असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणून हात जोडतो, ती कदाचित दुसरी आवृत्तीच असेल!

तिसरा हरिश्चंद्र १९३२ चा. शांतारामबापूंनी कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ काढला. १९१३ ची तारामती साळुंके या पुरुष नटाने वठविली होती. येथे दुर्गा खोटे आल्या, गोविंदराव टेंबे राजा झाले. मूकपटाला नसलेली वाणी व गाणे यांच्या बळावर हा बोलपट सरस ठरला, असे म्हणण्यात फाळक्यांचा अवमान नाही.

नवे जुन्यापेक्षा सरस होऊ शकते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पहिले पाऊल दुसऱ्यांदा टाकता येत नाही. आणि मूळ जपलेच नाही, तर तुलना कशाशी करावयाची? १९४४ साली याच नाशकात दादासाहेबांनी देह ठेवला. त्यांचा पहिला चित्रपट आपणांस पुरता पाहता येत नाही, ही रुखरुख आपणा सर्वांची आहे.