चार पट्ट्यांची शर्यत

विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल, सरांचं आता वय झालं. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात गेली आणि नंदाखालात येऊन बोलतायत कशावर, तर व्हिडिओ गेमवर! पण विषय आम्ही विचार करूनच निवडला आहे. या खेळाबद्दल आम्ही एक निवाडा दिला होता. तो याच गावात, आमच्याच ओटीवर दिला होता आणि तो चुकला होता.

आधी थोडा इतिहास. शर्यतीचे खेळ आपल्याला नवीन नाहीत. पट मांडायचा, सोंगटी पुढे सरकवायची, जो आधी घरी पोचेल तो जिंकला. मोक्षपट घ्या. घराघरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावं, सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. हाच पट १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये गेला, हळूहळू त्यावरची नावं पुसली गेली आणि उरली ती पोरांची सापशिडी. आता बघा, मोक्षपटात खोली आहे, पण ती सगळी पटावर लिहिलेली आहे. खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. दान पडेल तसं जायचं. लिहिलेलं पुसलं की खोलीही गेली.

आम्ही ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नेमकं उलटं आहे. त्यात लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही.

जपानात क्योटो शहरात निंटेंडो नावाची कंपनी आहे. १८८९ साली ती सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनवण्यासाठी. १९८३च्या जुलैमध्ये तिनं टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम हा संच बाजारात आणला आणि १९८४च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी ‘एक्साइटबाइक’ हा मोटारसायकलच्या शर्यतीचा खेळ काढला. तो रचणारे शिगेरू मियामोतो. पुढच्याच वर्षी आलेला सुपर मारिओ त्यांचाच. सबंध एक्साइटबाइक ४० किलोबाइटपेक्षा कमी जागेत मावतो. मोबाइलवर रोज सकाळी येणारं फुलांचं सुप्रभात त्याच्यापेक्षा जास्त जागा खातं!

आपल्याकडे मूळ संच फारसे आले नाहीत, आल्या त्या त्यांच्या नकला. नव्वदच्या दशकात घरोघरी ‘व्हिडिओ गेम’ म्हणत तो हाच. त्यात कॅसेट खोचायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९ इन १’ आणि आत तेच पाच-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा. त्यातला एक हा मोटारसायकलवाला.

१९९४च्या मे महिन्यात आमच्या धाकट्या भावाच्या मुलासाठी असा संच घरी आला. पोरगं अकरा वर्षांचं. सकाळी वाडीत पाणी लावायला बापाबरोबर जायचं आणि ऊन चढलं की टीव्हीपुढे. आम्ही सुट्टीवर आलो होतो, ओटीवर बसून पुढच्या सत्राची टिपणं काढत होतो. एक दिवस उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर चार पट्ट्यांचा मातीचा रस्ता, त्यावर उंचवटे, एक मोटारसायकल डावीकडून उजवीकडे चाललेली. बटणं दोन. एकानं गाडी पळते, दुसऱ्यानं जास्त पळते. आम्ही विचारलं, “यात आहे काय? नुसतं बटण तर दाबायचं.” तो म्हणाला, “काका, नुसतं दाबून चालत नाही.” आणि पुढे त्याला काही सांगता येईना. ‘ते हाताला कळतं’ एवढंच म्हणाला. आम्ही हसलो. ज्याला सांगता येत नाही, त्याला कळलेलं नसतं, असं त्याला ऐकवलं, संचाचा अडॅप्टर काढून घेतला आणि रात्री भावाला सांगितलं की या पोराकडून शिक्षणाची फार आशा धरू नकोस.

आता गंमत ऐका. आम्ही टिपणं काढत होतो ती गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञावर. ‘अमुक असं आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी ही पहिलीची मोलकरीण नव्हे, हे राइलनं १९४९च्या आपल्या ग्रंथात मांडलं. आम्ही ते वर्षानुवर्षं शिकवलं. दहा मार्कांचा प्रश्न असायचा.

तर त्या पोराच्या हाताला काय कळत होतं? हे आम्हाला कळायला पंचवीसेक वर्षं लागली. निंटेंडोनं २०१६ साली तो जुना संच तळहाताएवढा करून, ३० खेळ आत घालून पुन्हा विकायला काढला. कॅनडातल्या आमच्या भाचीनं तो घरच्या मुलांसाठी पाठवला. टाळेबंदीत, दारं बंद असताना, पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनं आम्हाला खेळायला बसवलं. पहिल्या दिवशी आम्ही सारखे आपटत होतो.

दुसरं बटण दाबून ठेवलं की वेग वाढतो, पण इंजिन तापतं. खाली तापमानाची पट्टी असते, ती भरली की गाडी बाजूला जाऊन उभी राहते, निवेपर्यंत तुम्ही बसून राहायचं. रस्त्यावर मधूनमधून बाणांच्या खुणा आहेत, त्यांवरून गेलं की इंजिन एकदम थंड होतं. म्हणजे हावरटपणा करायचा, पण पुढचा बाण कुठे आहे ते डोक्यात ठेवून. उंचवट्यावरून गाडी हवेत गेली की तिचं पुढचं चाक वर-खाली करता येतं. खाली चढ असेल तर चाक वर, उतार असेल तर खाली. जमिनीच्या कलाशी गाडीचा कल जुळला तर वेग टिकतो, नाही जुळला तर गेला, फारच बिघडला तर तुम्ही मातीत. लहान उंचवटे पुढचं चाक उचलून पार करायचे, पण फार उचललं की उताणे. दुसऱ्या गाडीच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक लागलं तर तुम्ही पडता, तुमच्या मागच्या चाकाला त्याचं पुढचं लागलं तर तो पडतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आम्हाला आठवडाभरानं कळली. त्या दुसऱ्या गाड्या शर्यतीत नाहीतच! एकीला मागे टाकलं की पुढून दुसरी येते, त्यांना अंत नाही. क्रमांक लागतो तो फक्त घड्याळावर. आपण ज्यांच्याशी ईर्ष्या करत होतो ते रस्त्यातल्या दगडांसारखेच अडथळे. हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. जगात आजही लोक या खेळात सेकंदाच्या अंशांसाठी झटतात, एवढा तो खोल आहे.

मायकल पोलान्यी हा मूळचा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. १९५८च्या ग्रंथात त्यानं सायकलचं उदाहरण दिलं आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला स्वार हँडल वळवतो आणि त्या वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. हा नियम कुठल्याही सायकलस्वाराला माहीत नसतो आणि माहीत करून दिला तरी त्यानं सायकल येत नाही. आपल्या गावातले जुने लोक पहाटे दुधाचे कॅन, केळीचे लोंगर सायकलला बांधून विरार स्टेशन गाठायचे. पावसाळ्यातल्या चिखलात, दोन्ही बाजूंना वजन लटकवून. त्यांना कुणी व्याख्यानाला बोलावलं नाही. आमच्या वडिलांनाही नाही. त्यांच्या त्या खेपांवर आमची कॉलेजची फी गेली.

पुतण्या दहावीत नापास झाला. आमच्या त्या रात्रीच्या बोलण्याचा त्यात वाटा किती, हे मोजायचं साधन नाही. पण भावानं त्यानंतर शिकवणी लावली नाही, एवढी घटना आहे. इतिहास म्हणून ती नोंदवायला हवी. आज तो सोनचाफा लावतो. त्याची कलमं क्वचित मरतात. कसं बांधतोस विचारलं तर अजूनही त्याला सांगता येत नाही.

आणखी एक साधन हाती लागलं, तेही सांगतो. गेल्या वर्षी माळा साफ करताना त्याची जुनी शुद्धलेखनाची वही सापडली. मागच्या तीन पानांवर इंग्रजी अक्षरांच्या ओळी, अक्षरांमध्ये लहान-मोठ्या रेघा. त्या मे महिन्यात हे पान आम्ही पाहिलं होतं, गिरगोट्या म्हणून रागावलोही होतो. या खेळात स्वतःचा रस्ता रचायची सोय आहे. प्रत्येक अडथळ्याला एक इंग्रजी अक्षर, ते निवडायचं आणि रस्त्यावर ठेवायचं. रचलेला रस्ता साठवायला जपानात कॅसेट रेकॉर्डर मिळायचा, आपल्याकडे ती सोय नव्हती. वीज गेली की रस्ता गेला. आणि १९९४ साली नंदाखालात वीज किती वेळा जायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून पोरानं लिपी केली होती. अक्षर म्हणजे उंचवटा, रेघ म्हणजे मोकळी जमीन. मोठ्या उडीच्या पुढे प्रत्येक ठिकाणी लांब रेघ होती. उतरायला जागा.

वही घेऊन आम्ही पोरीला बसवलं. आम्ही वाचत गेलो, ती रचत गेली. तासाभरात रस्ता उभा राहिला. ती खेळू लागली तेव्हा तिचा बाप चाफ्याच्या टोपल्या ठेवायला आत आला होता. टोपली हातातच ठेवून तो बघत राहिला. मग म्हणाला, “चौथ्या उडीला चाक खाली घे. पुढे उतार आहे.” पडद्यावर तो उतार अजून आलाही नव्हता.

अडॅप्टर आमच्या टेबलाच्या खणात होता. तो त्याला द्यायला गेलो, तर म्हणाला, “काका, तो संच कधीच भंगारात गेला. राहू दे तुमच्याकडेच.” तो तिथेच आहे. खेळात एकूण पाच रस्ते आहेत, आम्ही अजून तिसऱ्यावर अडकलेलो आहोत.