‘म्हणोन’ आणि ‘की’ : शिंदेशाही पत्रांतील वाक्यजुळणी

गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेली महादजी शिंदे यांची कागदपत्रे १९३७ मध्ये ग्वाल्हेरहून प्रसिद्ध झाली. अशा पत्रांतून अभ्यासक घटना शोधतात. वाक्ये एकमेकांस कशी जोडली आहेत, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात या जोडणीचा दोन सिद्धान्तांच्या आधारे विचार केला आहे.

पहिला सिद्धान्त हॅलिडे आणि रुकैया हसन यांचा. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ येथे १९३१ मध्ये जन्मलेल्या हसन यांनी हॅलिडे यांच्यासह १९७६ मध्ये संहितेची जुळणी पाच प्रकारांत मांडली : निर्देश, प्रतियोजन, अध्याहार, संयोजन आणि शब्दसंबंध. दुसरा सिद्धान्त बोग्रांद आणि ड्रेसलर यांचा (१९८१). त्यांनी संहितेच्या सात कसोट्या सांगितल्या. लेखकाचा हेतू, वाचकाची स्वीकृती, प्रसंग आणि अन्य संहितांशी असलेले नाते यांचाही त्यांत समावेश आहे.

आता मराठेकालीन उत्तरपत्राची धाटणी पाहू. आरंभी मायना व क्षेमकुशल येते. ‘विशेष’ या शब्दानंतर मूळ मजकूर सुरू होतो. मग आलेल्या पत्राचा आशय येतो. नमुन्यादाखल : ‘फौज नदी उतरली म्हणोन लिहिले ते कळले. त्यास, आपण सावध असावे.’ येथे ‘त्यास’ हे रूपाने सर्वनाम, पण कार्याने संयोजक आहे. पहिल्या सिद्धान्ताने एवढे उलगडते. परंतु ‘म्हणोन’पूर्वीचे वाक्य दुसऱ्याच्या पत्रातील आहे, हे समजण्यास दुसऱ्या सिद्धान्तातील आंतरसंहितात्मकतेची कसोटी लागते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. मोडीत विरामचिन्हे नसत. ‘म्हणोन’ नजरेआड झाले, तर दुसऱ्याने कळविलेली वार्ता पत्रलेखकाची स्वतःची साक्ष ठरते आणि इतिहासात चुकीचा साक्षीदार उभा राहतो.

उर्दूत ‘उन्होंने लिखा कि’ असे आधीच सांगितले जाते. मराठीतील ‘की’ हाही फारसीच्या प्रभावाने रुळला, असे मानले जाते. उलट दखनीत ‘बोलके’ हा शब्द मराठी ‘म्हणून’प्रमाणे उक्तीनंतर येतो. म्हणजे शेजारच्या भाषांनी शब्दांबरोबर वाक्ये जोडण्याच्या रीतीही एकमेकींकडून घेतल्या.

सारांश, हे दोन्ही सिद्धान्त परस्परपूरक आहेत : पहिला दुवा दाखवितो, दुसरा तो दुवा कोणाच्या बोलण्याशी आहे हे विचारतो. पत्राचा पुरावा म्हणून उपयोग करण्यापूर्वी अभ्यासकाने हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.