सशस्त्र संघर्षातील बालके : संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न

ऑक्टोबर १९९६ मध्ये उत्तर युगांडातील अबोके येथे 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर संघटनेने सेंट मेरीज कॉलेज या कॅथलिक शाळेवर रात्री हल्ला करून १३९ विद्यार्थिनींना पळवून नेले. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फसेरा बंडखोरांच्या मागावर रानात गेल्या व त्यांनी १०९ मुलींची सुटका करविली. उरलेल्या ३० जणींपैकी काहींचा बंदिवासातच अंत झाला.

त्याच वर्षी मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री ग्रासा माशेल यांनी युद्धाच्या बालकांवरील परिणामांविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेस सादर केला. त्यातूनच महासचिवांच्या विशेष प्रतिनिधीचे पद निर्माण झाले. १९९७ मध्ये युगांडाचेच ओलारा ओटुन्नू यांची त्यावर नेमणूक झाली.

१९८९ च्या बालहक्क संहितेने लढाईतील प्रत्यक्ष सहभागासाठी १५ वर्षांची वयोमर्यादा घातली होती. २५ मे २००० रोजी संमत झालेल्या पूरक कराराने ती १८ वर नेली. हा करार १२ फेब्रुवारी २००२ रोजी अमलात आला. व्हॅटिकनने २००१ मध्ये, तर भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली.

सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये ठराव क्रमांक १६१२ अन्वये देखरेख यंत्रणा उभारली. हत्या व अपंगत्व, सैन्यभरती, लैंगिक अत्याचार, अपहरण, शाळा-रुग्णालयांवरील हल्ले आणि मदतकार्यास मज्जाव अशा सहा गंभीर गुन्ह्यांची ती नोंद घेते. महासचिवांच्या वार्षिक अहवालास दोषी पक्षांची यादी जोडली जाते. यादीतून नाव वगळले जावे यासाठी संबंधित पक्षाला लेखी कृती आराखडा स्वीकारून तो पाळावा लागतो.

१५ वर्षांखालील मुलांची सैन्यभरती हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यानुसार युद्धगुन्हा आहे. त्यासाठी २०१२ मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगा यास १४ वर्षांची कैद झाली. २०२१ मध्ये 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी'चा सेनानी डॉमिनिक ओंग्वेन यास २५ वर्षांची शिक्षा झाली. या ओंग्वेनलाच बालपणी शाळेच्या वाटेवरून बंडखोरांनी पळवून नेले होते. न्यायालयाने शिक्षा ठरविताना ही गोष्ट लक्षात घेतली; परंतु त्याला दोषमुक्त केले नाही.

सैन्यात ओढलेल्या बालकांकडे प्रथम पीडित म्हणून पाहावे, असे २००७ ची पॅरिस तत्त्वे सांगतात. अशा मुलांची सुटका, कुटुंबाशी पुनर्भेट व शिक्षण वेळेवर झाले नाही तर काय घडते, हे ओंग्वेनच्या आयुष्यात दिसते.