छापलेले नाव आणि घरचे नाव

जुन्या बेसबॉल कार्डांविषयीचे बोलणे बहुधा किमतीपासून सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. ऑगस्ट २०२२मध्ये होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरला विकले गेले, ही बातमी जगभर गेली. सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळणारा पुठ्ठ्याचा तुकडा एवढ्या किमतीला जातो, याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या गावाच्या संघासाठी हा खेळाडू खेळला, त्या गावातील चाहत्याचा हिशेब निराळा असतो. आपल्या संघाचे कोणते जुने कार्ड त्याला जवळचे वाटते आणि का, याचे उत्तर लिलावाच्या यादीत सापडत नाही. ते कार्डावरच्या मजकुरात शोधावे लागते. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या दोन खेळाडूंची कार्डे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. दोन्हींच्या बाबतीत प्रश्न एका नावाचा आहे.

प्रथम या वस्तूविषयी थोडेसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाची चित्रे घालू लागल्या. त्यामुळे पाकीट चेपत नसे आणि गिऱ्हाईकही पुन्हा येई. पुढे तंबाखूची जागा गोळ्या-मिठायांनी व च्युइंग गमने घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली मोठी मालिका काढली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे अमेरिकन मुलांच्या मनातला बेसबॉल पुष्कळसा या कंपनीच्या छापखान्यातून आला. कार्डाच्या पुढच्या बाजूला चित्र, खेळाडूचे नाव व संघ. मागच्या बाजूला जन्मगाव, उंची, वजन आणि आकडे. ज्या मुलाला मैदानापर्यंत जाणे जमत नसे, त्याच्यासाठी हे खेळाडूचे छोटेखानी चरित्रच होते. पाकीट फोडायचे, आपल्या संघाची कार्डे बाजूला काढायची आणि बाकीची मित्रांशी अदलाबदलीसाठी ठेवायची, अशी रीत असे. घरच्या संघाचे कार्ड सहसा बदल्यात दिले जात नसे.

वॅग्नर पिट्सबर्गजवळच्या कार्नेगी या खाणकामगारांच्या वस्तीतला. १८७४ सालचा जन्म, आईवडील जर्मन, वडील कोळशाच्या खाणीत काम करणारे. १९०० साली तो पायरेट्समध्ये आला आणि १९१७पर्यंत तेथेच खेळला. फलंदाजीच्या सरासरीत तो आठ वेळा नॅशनल लीगमध्ये पहिला आला. १९०९ साली पायरेट्सने डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच वर्षी अमेरिकन टोबॅको कंपनीने एक प्रचंड मालिका छापायला घेतली. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने पुढे केलेल्या सूचीत तिला टी-२०६ हा क्रमांक मिळाला आणि तेच तिचे नाव होऊन बसले. वॅग्नरने मात्र आपले चित्र सिगारेटसोबत जाऊ देण्यास नकार दिला. लहान मुलांनी कार्डासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने असे केले, असे परंपरा सांगते. तो स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याआधी एका सिगारच्या कार्डावर त्याचे चित्र आलेही होते, याकडे संशयवादी बोट दाखवतात. कारण काहीही असो, छपाई थांबली, थोडीशीच कार्डे बाहेर आली, आणि ती दुर्मिळ झाली.

आता हे कार्ड किमतीचा विचार सोडून नुसते वाचावे. वॅग्नरच्या सदऱ्यावर आणि चित्राखालच्या पट्टीवर, दोन्ही ठिकाणी, गावाचे नाव आहे. पण त्याच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर नाही. ही छपाईतील चूक नव्हे. भौगोलिक नावांमध्ये एकसारखेपणा आणण्यासाठी अमेरिकन सरकारने एक मंडळ नेमले होते. त्याने १८९१ साली ठरवले, की अशा सर्व गावांच्या नावांतील शेवटचा ‘एच’ गाळावा. पिट्सबर्गच्या अनेक लोकांनी व संस्थांनी हे मनापासून कधीच स्वीकारले नाही. ते आपल्या जुन्या पद्धतीने लिहीत राहिले. अखेर जुलै १९११मध्ये मंडळाने त्या गावापुरता निर्णय मागे घेतला. म्हणजे टी-२०६ मालिकेच्या छपाईचा काळ, १९०९ ते १९११, हा नेमका ‘एच’ हरवलेल्या वर्षांचा शेवटचा तुकडा आहे. देवनागरीत लिहिताना हा भेद दाखवताच येत नाही, कारण ते अक्षर उच्चारात नाहीच. ज्या अक्षराने कानाला काही फरक पडत नाही, त्यासाठी एक गाव वीस वर्षे अडून बसले. आपले नाव कसे लिहायचे हे बाहेरच्याने ठरवू नये, एवढाच त्याचा आग्रह होता.

वॅग्नरच्या स्वतःच्या नावाची गोष्टही अशीच रोचक आहे. ‘होनस’ हे ‘योहानेस’ या जर्मन नावाचे घरगुती, तोंडात रुळलेले रूप. ते घरच्यांच्या बोलण्यातून आले व मैदानावर टिकले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘फ्लाइंग डचमन’ म्हटले. वास्तविक तो डच नव्हता. ‘जर्मन’ या अर्थाच्या ‘डॉइच’ या शब्दाचा अमेरिकन कानांनी ‘डच’ केला होता. म्हणजे एक नाव घरातून आलेले, दुसरे ऐकण्यातील चुकीतून. दोन्ही त्याला चिकटली आणि त्याचे फारसे बिघडले नाही. हे लक्षात ठेवून पुढच्या खेळाडूकडे जाऊ.

एप्रिल १९५५मध्ये पिट्सबर्गच्या शेन्ली पार्कमध्ये, संघाच्या फोर्ब्स फील्ड या मैदानाशेजारी, वॅग्नरच्या पुतळ्याचे अनावरण झाले. म्हातारा वॅग्नर त्या वेळी उपस्थित होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. आणि त्याच एप्रिलमध्ये, १७ तारखेला, फोर्ब्स फील्डवर वीस वर्षांचा एक तरुण पायरेट्सकडून पहिला सामना खेळला. त्याचे नाव रोबेर्तो क्लेमेंते. प्वेर्तो रिकोतील कारोलिना हे त्याचे गाव. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला १९५४ साली करारबद्ध केले होते, पण मुख्य संघात घेतले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस नियमाचा आधार घेऊन पिट्सबर्गने त्याला आपल्याकडे ओढले. त्याचा पहिला सामना डॉजर्सविरुद्धच होता, हा योगायोगही चाहते विसरत नाहीत.

त्या वर्षी टॉप्सने त्याचे पहिले कार्ड काढले. मालिकेतील क्रमांक १६४, आडवे, मोठ्या चेहऱ्याशेजारी खेळतानाची छोटी आकृती, आणि त्यावर सहीची नक्कल. नाव स्वच्छ छापले आहे: रोबेर्तो क्लेमेंते. १९५६च्या कार्डावरही तेच. १९५७ साली मात्र त्याच कंपनीच्या कार्डावर तो ‘बॉब क्लेमेंते’ झाला आणि १९६९पर्यंत, सलग तेरा वर्षे, बॉबच राहिला.

पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला येथे थबकावे लागते. पहिल्या प्रतीत चूक आणि नंतरच्या प्रतींत दुरुस्ती, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. येथे तो उलटा आहे. मूळ पाठ शुद्ध होता, छापणाऱ्याला तो ठाऊक होता, आणि जाणूनबुजून नवा पाठ घेण्यात आला. यात दुष्ट हेतू होता, असे म्हणण्याची गरज नाही. गम विकणाऱ्या कंपनीला ओहायोच्या किंवा आयोवाच्या मुलाच्या जिभेवर सहज बसेल असे नाव हवे असावे. परंतु हेतू निरुपद्रवी असला म्हणून परिणाम निरुपद्रवी ठरत नाही. क्लेमेंतेला हे नाव आवडत नसे. आपले नाव रोबेर्तो आहे, असे तो सांगत असे. वर्तमानपत्रे त्याचे इंग्रजी बोलणे त्याच्या उच्चारांप्रमाणे वेडेवाकडे लिहून छापत, त्यामुळे विचारी माणूस वाचकाला विनोदी वाटे. हिवाळ्याच्या अखेरीस फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे संघाचा सराव होई. तेथे वर्णभेद इतका कडक होता, की गोरे सहकारी खाणावळीत जेवत तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना बसमध्ये थांबावे लागे. जेथे माणसाला त्याच्या जागी बसू दिले जात नाही, तेथे त्याचे नावही त्याच्या जागी राहू दिले जात नाही.

यावर आक्षेप घेता येईल. टोपणनावे हा तर बेसबॉलचा प्राण. मग ‘होनस’ चालतो आणि ‘बॉब’ का चालू नये? पायरेट्सच्या सामन्यांचे समालोचक बॉब प्रिन्स हे क्लेमेंतेला ‘बॉबी’ म्हणत, आणि तो फलंदाजीला आला की ‘आरिबा’ असा स्पॅनिश जयघोषही तेच करत. त्या हाकेतील प्रेम खोटे नव्हते. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर वॅग्नरच्याच नावात आहे. ‘होनस’ हे रूप खेळाडूच्या घरातून बाहेर आले. ‘बॉब’ हे बाहेरून घरात शिरवले गेले. प्रेमाची हाक ऐकणाऱ्याच्या संमतीने टोपणनाव होते. छापील कार्डाला ही संमती विचारता येत नाही. ते फक्त सांगते, आणि लाखो मुले ते खरे मानतात.

१९७०च्या टॉप्स मालिकेत नाव पुन्हा ‘रोबेर्तो’ झाले. त्याच वर्षी २४ जुलैला थ्री रिव्हर्स या नव्या मैदानावर क्लेमेंतेच्या सत्काराची रात्र झाली. प्वेर्तो रिकोहून आईवडील आले होते आणि तो त्यांच्या भाषेत बोलला. १९७१च्या काळ्या कडांच्या कार्डावर त्याची सही दिसते. त्या वर्षी बाल्टिमोरविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी .४१४ होती. विजयानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने आधी आपल्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलून त्यांचा आशीर्वाद मागितला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याची तीन हजारावी हिट झाली. ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले विमान समुद्रात कोसळले आणि तो गेला. १९७३च्या वसंतात मुलांनी पाकिटे फोडली तेव्हा क्रमांक ५०वर तो होता. नाव बरोबर होते, माणूस नव्हता.

पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूला ठेवून १९७३ सालीच कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. लॅटिन अमेरिकेतून तेथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू. तेथील धातूच्या पाटीवर नाव कोरले गेले: रोबेर्तो वॉकर क्लेमेंते. पुन्हा चूक! स्पॅनिश रिवाजात वडिलांचे आडनाव आधी व आईचे नंतर येते. क्लेमेंते हे वडिलांचे, वॉकर हे आईचे. म्हणून खरे नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. मधल्या जागी वडिलांचे नाव लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनाही येथे चकायला होईल, तसे पाटी करणाऱ्यांना झाले. ही पाटी २०००मध्ये बदलून नवी लावण्यात आली. कागद दुरुस्त व्हायला तेरा वर्षे लागली होती, धातूला सत्तावीस लागली.

क्लेमेंतेच्या पाठीवर २१ हा अंक असे. त्याच्या पूर्ण नावातील रोमन अक्षरे मोजली तर ती एकवीस भरतात आणि म्हणूनच त्याने हा अंक निवडला, असे सांगितले जाते. कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘बॉब’ छापले जात होते, त्या सर्व वर्षांत ते पूर्ण नाव, आईच्या आडनावासकट, मैदानावर असे उघड वावरत होते. आज पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये उजव्या बाजूची भिंत, जेथे तो क्षेत्ररक्षण करी, एकवीस फूट उंच आहे. जवळच्या पुलाला त्याचे नाव आहे, पूर्ण ‘रोबेर्तो’सह. वॅग्नरचा पुतळाही आता तेथेच आहे.

म्हणून घरच्या चाहत्याला १९५५चे कार्ड जवळचे वाटते, त्याचे कारण ते पहिले आहे एवढेच नसावे. ते पुढच्या तेरा कार्डांविरुद्धचा पुरावा आहे. पण ती तेरा कार्डेही कोणी फेकून दिली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. अशुद्ध पाठ जाळून इतिहास शुद्ध होत नाही. ‘बॉब’ छापलेले कार्ड जपणारा माणूस आपल्या बालपणाबरोबर आपल्या गावाची एक चूकही जपत असतो. ज्या गावाने आपल्या नावातल्या एका मुक्या अक्षरासाठी वीस वर्षे धरून ठेवले, त्याच गावाने आपल्या सर्वांत लाडक्या खेळाडूचे निम्मे नाव तेरा वर्षे चुकीचे वाचले. ही दोन्ही कार्डे शेजारी ठेवल्यावाचून त्या गावाचा इतिहास पुरा होत नाही.