किरमिजी किडा

म्हैसूरकडील एखाद्या ओसरीवर, कुंडीत हौसेने जोपासलेल्या फड्या निवडुंगावर कधी कापसासारखे पुंजके दिसतात. चिरडले की बोटे लाल! किरमिजी रंग या किड्यांच्याच कुळातला. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. तो मिळवण्याच्या आशेने १७९५ साली, टिपूच्या हयातीत, कॅप्टन नीलसनने ब्राझीलहून बंगालात किडे आणले. पण ते निघाले हलक्या जातीचे. रंग निकृष्ट उतरला, निवडुंगाची बने मात्र वाळून गेली. मग १८३६ च्या सुमारास निवडुंगाच्या नाशासाठीच ते दक्षिणेत नेण्यात आले. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीला मात्र ते बाधेनात. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्यांचे भाऊबंद आणावे लागले. शेतकऱ्याने आनंदाने पाहावा असा हा किडा कुंडीवाला स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढतो.