सांधणे आणि समाधान : वरळीच्या चाळींतील गोधडीचा एक अभ्यास

समाजाच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, बखरी, दफ्तरे आणि शिरगणतीचे अहवाल ही आपल्या डोळ्यांपुढे येतात. ज्या वर्गाने आपल्यामागे लिखित दफ्तर ठेवले नाही त्याच्या मनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मात्र अभ्यासकाला निराळ्या साधनांकडे वळावे लागते. वरळीच्या कामगार चाळींतील स्त्रियांनी शिवलेली गोधडी आणि त्या गोधडीविषयी बोलताना त्यांनी वापरलेले शब्द ही अशा प्रकारची दोन साधने होत. या दोहोंच्या आधारे, दारिद्र्याच्या संसारात समाधान आणि कृतज्ञता या भावनांना कोणते रूप आले होते, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. जुन्या वस्त्रांचे थर एकमेकांवर घालून शिवलेल्या पांघरुणाला संस्कृतात ‘कंथा’ म्हणतात. बंगालमध्ये हेच नाव थोड्या फरकाने आजही रूढ आहे. मराठीतील ‘गोधडी’ हा शब्द हिंदी ‘गुदडी’ व गुजराती ‘गोदडी’ यांच्या कुळातला आहे. सातारा-कोल्हापूर भागात विशेषेकरून ऐकू येणारा ‘वाकळ’ हा शब्द ‘वल्कल’पासून ‘वक्कल’ या प्राकृत रूपावाटे आला असावा. ध्वनिनियमांच्या दृष्टीने त्यात अडचण दिसत नाही. तान्ह्या मुलाचे ‘दुपटे’ आणि थंडीतील ‘चौघडी’ या नावांत वस्त्राच्या थरांची किंवा घड्यांची संख्याच सांगितलेली आहे. या सर्व वस्तू ज्या क्रियेने सिद्ध होतात त्या क्रियेचे नाव ‘सांधणे’. ते संस्कृत ‘सम् + धा’ यापासून आलेले आहे. ‘समाधान’ हा शब्दही याच धातूचा आहे. ‘सम् + आ + धा’ म्हणजे एकत्र ठेवणे, नीट जुळवून बसविणे. संस्कृतात त्याला चित्ताची एकाग्रता, शंकेचे निरसन असे अर्थ आले. मराठीत ‘शंकासमाधान’ हा जुना अर्थ टिकून राहिलाच, पण त्याबरोबर तृप्त व स्थिर मनःस्थिती हा अर्थ दृढ झाला. समर्थ रामदासांच्या दासबोधात हा शब्द वारंवार येतो.

व्युत्पत्ती म्हणजे इतिहास नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. गोधडी शिवणाऱ्या बाईला धातुपाठ ठाऊक नसतो. शब्दांच्या या नात्यावरून अभ्यासकाला फक्त एक प्रश्न सुचतो : समाधान ही आपोआप लाभणारी मनःस्थिती आहे, की तुकडे जुळवून करावयाची एक कृती आहे? या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळत नाही; ते चाळीच्या खोलीत शोधावे लागते.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात असा. मुंबईत कापडगिरणीचा उद्योग १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कंपनी स्थापन केली तेव्हापासून सुरू झाला. कोकण आणि घाट या दोन्ही बाजूंनी माणसे शहरात येत गेली आणि राहत्या जागेची टंचाई पराकोटीला पोचली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० मध्ये, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले व त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत सुमारे ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट, शौचालये सामायिक, अशी ही काँक्रीटची रचना होती. आरंभी कित्येक खोल्या भाडेकरूंवाचून रिकाम्या होत्या आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात येथील इमारतींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. पुढे त्या भरल्या. इतक्या की एका खोलीत एकाहून अधिक बिऱ्हाडे किंवा पाळीपाळीने झोपणारे अनेक गाळेकरी राहू लागले.

अशा खोलीत पलंगाला जागा नव्हती. रात्री अंथरलेली गोधडी सकाळी वळकटी होऊन भिंतीशी जाई आणि रातपाळीचा माणूस परतला म्हणजे तीच पुन्हा पसरली जाई. बाळंतिणीची खोली वेगळी करावयाची झाल्यास दोरीवर टाकलेली गोधडी भिंतीचे काम करी. तेव्हा गोधडी ही पांघरुणापुरती वस्तू नव्हती. घर नावाच्या व्यवस्थेचा तो एक आवश्यक अवयव होता.

तिची निर्मितीही याच व्यवस्थेत बसलेली होती. नऊवारी लुगडे विरले म्हणजे प्रथम त्याला दांड घालीत. विरलेला भाग कापून उरलेल्या दोन बाजू जोडीत. तेही टिकेनासे झाले की त्याला ‘जुनेर’ म्हणत. जुनेराला या शहरात दोन वाटा होत्या. एक बोहारणीची. ती जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देई. दुसरी गोधडीची. घासाघीस करून पातेले मिळवायचे की लुगडे घरात ठेवायचे, हा निर्णय बाईच्या हातचा होता, आणि कोणते लुगडे बोहारणीला द्यायचे व कोणते मुळीच द्यायचे नाही याविषयी तिचे संकेत ठरलेले असत. ठेवलेली जुनेरे दुपारच्या निवांत वेळी चाळीच्या सज्जात पसरली जात. खाली-वर धड कापड, मध्ये फाटकी वस्त्रे घालून कडा मोठ्या टाक्यांनी बसवीत आणि मग काठापासून आतल्या बाजूस धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत. लांब सज्जात दोघी-तिघी समोरासमोर बसत. आज हिची, उद्या तिची, असा हा श्रमाचा विनिमय असे व त्याचा हिशेब कोणी मांडीत नसे.

यातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. साळखात्यात दिवसभर वारांमागून वार कापड विणणाऱ्या माणसाच्या अंगावर रात्री चिंध्यांचे पांघरूण असे. गिरणीतील टाकाऊ तुकडे शहरात वजनावर विकले जात आणि त्यांतले काही याच गोधड्यांत ठिगळ होऊन येत. नव्या कापडाचा उत्पादक जुन्या कापडाखाली निजतो, ही गोष्ट औद्योगिक अर्थव्यवस्थेवरील एक भाष्यच होय.

काही वर्षांपूर्वी वरळीच्या एका चाळीत प्रस्तुत लेखकास एका वृद्ध बाईंनी आपली गोधडी उलगडून दाखविली. वरचा पदर विटलेल्या हिरव्या लुगड्याचा होता. ते त्यांच्या सासूचे. एका कोपऱ्यातील खाकी तुकडा नवऱ्याच्या गिरणीतल्या कपड्याचा. मध्यभागी एक लहानसे, फुलाफुलांचे ठिगळ होते. ते शेजारणीने दिलेल्या झबल्याचे. ज्या मुलासाठी ते दिले ते मूल जगले नाही. “तिने दिलेलं म्हणून ठेवलं,” एवढेच त्या म्हणाल्या. मी विचारले, ही गोधडी कोणाची? उत्तर आले, “आत्याबाईंची.” गोधडी शिवली यांनी, वापरली यांनी, आणि तरी ती आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची. मराठी षष्ठीच्या पोटात येथे तीन संबंध एकत्र नांदतात : जिने शिवली तिची, जी पांघरते तिची आणि जिचे लुगडे तीत आहे तिची. पुढे इतर घरांतही मी हाच प्रश्न विचारीत गेलो. उत्तरात बहुधा तिसरा संबंध पुढे येई. मालकीपेक्षा आणि कर्तृत्वापेक्षाही देणे मोठे मानण्याची ही भाषिक रीत आहे.

कृतज्ञतेचा विचार येथेच करावयास हवा. ‘कृतज्ञता’ हा शब्द या बायकांच्या बोलण्यात आढळत नाही. त्या ‘जाण’ म्हणतात : “तिची जाण ठेवली पाहिजे.” आता कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा, त्यातील ‘ज्ञ’ आणि मराठी ‘जाण’ हे दोन्ही ‘ज्ञा’ या एकाच धातूचे. ग्रंथातील शब्द आणि सज्जातील शब्द अशा रीतीने मुळाशी एकच ठरतात. दोहोंतही कृतज्ञता हा प्रथमतः ज्ञानाचा प्रकार आहे. आभाराच्या उच्चाराचा नव्हे. कोणी काय दिले हे ठाऊक असणे आणि विसरू न देणे, हे तिचे स्वरूप. द्रौपदीने कृष्णाच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधली व त्याने वस्त्रहरणाच्या वेळी ते ऋण फेडले, ही कथा महाराष्ट्रातील आबालवृद्धांना परिचित आहे. चाळीतील गोधडी म्हणजे अशा चिंध्यांची जपून ठेवलेली नोंदवहीच म्हणता येईल.

या आचाराला भारतीय परंपरेत फार जुना आधार आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की, मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला त्या आकृतीप्रमाणे तुकडे जोडून चीवर सिद्ध करण्याविषयी विचारले. चुल्लवग्गात उदयन राजा आनंदाला विचारतो की, मिळालेल्या इतक्या वस्त्रांचे तुम्ही काय करणार? आनंद सांगतो : जीर्ण चीवरांची आच्छादने करू, ती जुनी झाली की बिछान्याच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपू. लुगडे, जुनेर, गोधडी, पायपुसणे आणि पोतेरे हा मराठी घरातील क्रम याच्याशी किती जुळतो, हे निराळे सांगावयास नको. मिळेल त्या चीवरात संतुष्ट असणे हा पाली ग्रंथांत आर्यवंशाचा पहिला विशेष मानलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर वरळीच्या चाळींतील अनेक कुटुंबे बौद्ध झाली. त्यांच्या घरांतील गोधडी ही त्या ग्रंथांतून आलेली नव्हे, ती आधीचीच. परंतु तिला एक प्राचीन सोबत लाभली, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच डिसेंबरात निवर्तलेल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ही म्हणत, हेही येथे आठवते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. दरिद्र्याच्या समाधानाचे गुणगान हे त्याच्या दारिद्र्याला मान्यता देणे नव्हे काय? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण पाय आखडावयास शिकविते, हे खरे. हा आक्षेप प्रस्तुत लेखकास मोलाचा वाटतो आणि त्याचे उत्तर कृतींच्या इतिहासातूनच द्यावयास हवे. १९२८ चा गिरणीसंप सुमारे सहा महिने चालला आणि त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. त्या दशकात गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. ज्या घरांत गोधड्या शिवल्या गेल्या त्याच घरांतून ही माणसे बाहेर पडली. समाधानाने त्यांचे हात बांधले नाहीत. म्हणीतले अंथरूण जन्मतः ठरलेल्या मापाचे आहे. गोधडीला मात्र आणखी एक पट्टी जोडून ती वाढविता येते, आणि मूल वाढले की बायका तसे करीतही. समाधान आणि संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

त्याचबरोबर सज्जातील सहजीवनाचे चित्र अतिरंजित करणेही योग्य नाही. १९७४ च्या जानेवारीत याच वरळीत दलित आणि सवर्ण वस्तीत दंगल उसळली. सगळेच तुकडे सांधले गेले नव्हते. कोणत्या दारी जुनेर दिले-घेतले जाई आणि कोणत्या दारी नाही, याचीही नोंद झाली पाहिजे. कृतज्ञतेच्या इतिहासाला ही काळी बाजू आहे.

गोधडीच्या ऱ्हासाची कारणे दोन. पहिले कारण कापडाचे. सुती लुगडे जितके धुवावे तितके मऊ होते. त्याची जागा कृत्रिम धाग्यांच्या पातळांनी घेतली, आणि ती ना घाम शोषीत ना ऊब देत. दुसरे कारण वास्तूचे. म्हाडाच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन १ ऑगस्ट २०२१ रोजी झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्यांनी सोसलेल्या अडचणीनंतर आलेले हे सुख न्याय्यच आहे. त्याविषयी हळहळणे अभ्यासकाला शोभणार नाही. परंतु घर बदलताना जे सामान मागे टाकले जाते त्यात वळकट्या पहिल्या असतात.

गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला असून नक्षी व रचना यांच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे. भाषेच्या आणि सामाजिक इतिहासाच्या अंगाने मात्र काम व्हावयाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका घरातील एकेक गोधडी घ्यावी. तिचे थर, तुकडे, टाके यांची नोंद करावी. प्रत्येक तुकड्याचा दाता कोण हे विचारावे, आणि उत्तर ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत टिपून ठेवावे. त्या वृद्ध बाईंना मी निघताना विचारले होते की, नव्या घरात ही गोधडी नेणार काय? त्यांनी ती घडी करून मांडीवर घेतली व म्हणाल्या, “एका कडेला उसवलीय. आधी ती सांधते.”