उतारावरचा नवा भार

शीव म्हणजे हद्द. अलीकडे मुंबई बेट, पलीकडे साष्टी आणि मध्ये खाडी, अशी ही जुनी सीमा होती. इंग्रजांचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याच्या अमदानीत, १६६९ ते १६७७ या वर्षांत, येथील टेकडीवर किल्ला उभारण्यात आला. साष्टी त्या वेळी पोर्तुगीजांकडे होती; तिकडून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवणे हा त्याचा हेतू. टेकडीपलीकडच्या सपाटीवर शीव कोळीवाड्याची वस्ती होती. किल्लेदाराला भय परचक्राचे, कोळ्याला भय तुफानाचे. टेकडीचेच भय धरावे लागेल, असे तेव्हा कोणाच्या मनी आले नसावे.

पुढे गिरण्या, गोद्या आणि कारखाने यांनी माणसे ओढून आणली. सपाटीची जागा महाग झाली आणि गरिबांची घरे उतार चढू लागली. त्याची किंमत पावसाळ्यांनी वसूल केली. जुलै २००० मध्ये घाटकोपरला दरड झोपड्यांवर आली आणि साठांहून अधिक जीव गेले. १८ जुलै २०२१ च्या पहाटे, शीव कोळीवाड्याच्या पूर्वेस थोड्याच मैलांवर, चेंबूरच्या भारतनगरात भिंत आणि दरड घरांवर कोसळून १९ जण दगावले. दोन्ही वेळा लोक म्हणाले, पाऊस फार झाला. परंतु पाऊस तर सर्वांवरच पडतो. मग हाच उतार का खचावा?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास बर्फाच्या देशांत झाला. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या माथ्यावर १९३६ साली हिमाची प्रयोगशाळा थाटण्यात आली; भारतात १९६९ साली मनालीला अशीच संस्था निघाली. या अभ्यासाचे सार थोडक्यात असे : बर्फ थराथरांनी साचते. एखादा थर भुसभुशीत राहतो आणि त्यावर नव्या हिमाचा, वाऱ्याने लोटून आणलेल्या बर्फाचा भार पडतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, तर एका माणसाचे वजनही त्या तोलाला पुरे होते. म्हणूनच पायांना पट्ट्या बांधून अनवट डोंगरउतारांवर घसरत जाणारा जाणता स्कीपटू ताजा हिमवर्षाव झाल्यावर पहिला दिवस-दोन दिवस थांबतो. पावलाखाली बर्फ धप्पकन बसल्याचा आवाज आला, किंवा पायापासून भेग धावत गेली, तर तो मागे फिरतो. आधी कोणी त्या वाटेने सुखरूप उतरला, हा पुरावा तो मानीत नाही. गुलमर्गजवळ ८ फेब्रुवारी २०१० रोजी हिमस्खलनाने १७ जवानांचा बळी घेतला. ते तर पर्वतयुद्धाचेच शिक्षण घेत होते.

सह्याद्रीत बर्फ नाही. पण न्याय तोच. खाली अभंग काळा पाषाण, वर मुरूम आणि माती. पाणी मुरून खडकाशी अडते, मातीचे वजन वाढते आणि आतल्या दाबाने कणाकणांतील पकड सुटते. भेद एवढाच, की नवे बर्फ बहुधा काही दिवसांत बसून घट्ट होते. पाणी मात्र पाऊस उघडल्यावरही झिरपतच राहते. आकाश निवळले म्हणून डोंगर निवळला, असे समजणे घातक ठरते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले. १५१ माणसे दगावली. त्या वाटेने आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ती वार्ता जगाला कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावात ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती आले आणि शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते.

याद्या निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. यादी गेल्या काळाचे निरीक्षण सांगते. आजच्या रात्री उतारावर किती भार आहे, हे तिला ठाऊक नसते. ते उताराच्या अंगावरच वाचावे लागते. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, दार एकाएकी चौकटीत अडकणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे किंवा आटणे, या त्या खुणा होत. त्या वाचण्यास विद्वत्ता लागत नाही. परंतु वाचल्यावर घर सोडण्यास जागा लागते. स्कीपटू मागे फिरतो, तेव्हा त्याचा एक दिवसाचा आनंद बुडतो. उतारावरचे कुटुंब भर पावसात बाहेर पडते, तेव्हा चूल, गुरे आणि उद्याची मजुरी मागे राहते. म्हणून धोका ओळखण्याची विद्या आणि रात्रीचा निवारा या दोन गोष्टी एकत्रच द्याव्या लागतात. एकीवाचून दुसरी पांगळी आहे.

“डोंगर आजवर उभा आहे,” हे वाक्य माळीणमध्येही २९ जुलैपर्यंत खरेच होते.